जुन्या चेहऱ्याचे नवे गेम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात या सदरात आम्ही ‘ब्लेझिंग क्रोम’ या गेमची ओळख करून दिली होती. ब्राझीलमधील जॉयमॅशर या छोट्या चमूने तो घडवला आणि जुलै २०१९ मध्ये तो बाजारात आला. यंत्रांनी जिंकून घेतलेल्या पृथ्वीवर उरलेसुरले बंडखोर हातात बंदूक घेऊन डावीकडून उजवीकडे धावत सुटतात, उड्या मारतात आणि समोर येईल त्यावर गोळ्या झाडतात, एवढीच त्याची गोष्ट आहे. चित्रे मात्र मुद्दाम तीस वर्षांपूर्वीच्या टीव्ही गेमसारखी काढलेली आहेत. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी चाळिशी ओलांडलेल्या वाचकांची आहेत, हे आम्हाला अनपेक्षित होते. निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी जरा सविस्तर देत आहोत.

मी शाळेत असताना गल्लीतल्या दुकानात तासाचे पैसे देऊन ‘कॉन्ट्रा’ खेळलो आहे. मुलाच्या संगणकावर ‘ब्लेझिंग क्रोम’ पाहिला आणि वाटले, ही तर त्याचीच नक्कल. मग याला नवा गेम म्हणायचे कशासाठी?
– एक वाचक, कोल्हापूर

आपले निरीक्षण बरोबर आहे, मात्र नाते जरा वेगळे आहे. कोनामी या जपानी कंपनीचा ‘कॉन्ट्रा’ १९८७ मध्ये नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवर आला आणि पुढच्याच वर्षी घरच्या टीव्हीवर पोहोचला. आपण खेळलात तो हा घरचा अवतार. ‘ब्लेझिंग क्रोम’ची चित्रे आणि त्याचा वेग पाहिला, तर तो त्या ‘कॉन्ट्रा’पेक्षा त्याच घराण्यातील १९९४ सालच्या ‘कॉन्ट्रा : हार्ड कोअर’चा अधिक जवळचा वारस दिसतो. तो गेम सेगाच्या मेगा ड्राइव्ह या १६ बिटांच्या यंत्रासाठी केलेला होता, आणि आपल्याकडे ते यंत्र फारच थोड्या घरांत पोहोचले असल्यामुळे मधली पिढी न पाहता आपण थेट नातवाला भेटत आहात.

ओवीचा साचा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. त्यात काय सांगितले आणि किती नेटके बसवले, यावर ओवी कोणाची ते ठरते. गोळ्या झाडत बाजूने सरकणाऱ्या या गेमचेही तसेच आहे. आठ दिशांना नेम धरता येणे, एका फटक्यात जीव जाणे, दोघांनी एकाच पडद्यासमोर बसून खेळणे, शेवटी पडदाभर मोठा बॉस, म्हणजे म्होरक्या शत्रू, येणे, हा साचा झाला. ‘ब्लेझिंग क्रोम’मध्ये एक बटण दाबून धरल्यास गडी जागेवर उभा राहतो आणि फक्त नेम फिरवता येतो, ही सोय आपल्या जुन्या ‘कॉन्ट्रा’त नव्हती. पहिल्या चार मोहिमा वाटेल त्या क्रमाने खेळता येतात, आणि बचाव करणारा छोटा यांत्रिक सोबती मिळवला तर एखाद-दुसरा फटका तो आपल्या अंगावर घेतो.

आमचे प्रामाणिक मत विचाराल, तर ‘ब्लेझिंग क्रोम’ हा उत्तम शिष्य आहे, पण शिष्यच आहे. गुरूच्या खोलीबाहेर तो फारसा पडत नाही. त्याच साच्यातून वेगळ्या वाटेने गेलेले गेम पाहायचे असतील, तर दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या फ्री लाइव्ह्ज या चमूचा ‘ब्रोफोर्स’ पाहावा, ज्यात पायाखालची जमीनसुद्धा गोळ्यांनी उडवता येते आणि त्यामुळे प्रत्येक लढाईचा नकाशा खेळता खेळता बदलत जातो. स्वीडनमधील ट्रोलहेट्टन गावच्या ईझी ट्रिगर गेम्सचा २०२० सालचा ‘हंटडाउन’ आडोसा घेण्यावर भर देतो. गंमत म्हणजे मूळ मालक कोनामीनेच मार्च २०२४ मध्ये वेफॉरवर्ड या अमेरिकी चमूकडून ‘कॉन्ट्रा : ऑपरेशन गलुगा’ करून घेतला, आणि त्यात एका फटक्यात मरायचे की काही फटके सोसायचे, ही निवड खेळणाऱ्यावर सोपवली. शिष्यांचे पाहून गुरूनेही थोडे नमते घेतले, असे म्हणायला हरकत नाही.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे. आजच्या संगणकावर छायाचित्रासारखी चित्रे निघत असताना ही माणसे मुद्दाम ठोकळेबाज चित्रे का काढतात? हा केवळ आठवणींचा बाजार नव्हे काय?
– एक वाचक, चिपळूण

आठवणींचा बाजार आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आपण चित्रकार असल्यामुळे त्यामागचे गणित आपल्याला आवडेल असे वाटते.

आपल्याकडे ज्या टीव्ही गेमच्या नकला घरोघरी पोहोचल्या, त्याचे मूळ म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचे १९८३ सालचे फॅमिकॉम हे यंत्र. त्याची कामाची स्मृती होती अवघी २ किलोबाइट. पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. हलणारी प्रत्येक आकृती ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या (किंवा उंचीला दुप्पट) तुकड्यांतून जोडायची, आणि अशा एका तुकड्यात जास्तीत जास्त तीन रंग वापरायचे. चौथी जागा पारदर्शकतेसाठी राखीव. पार्श्वभूमी आणि आकृत्या मिळून एका वेळी पडद्यावर साधारण २५ रंग. एवढ्यात सैनिक, जंगल, धबधबा आणि राक्षस उभा करायचा! त्वचेला एक रंग दिला, कपड्यांना एक दिला आणि बाह्यरेषेला एक दिला की डब्यातले रंग संपले. कॅपकॉमच्या ‘मेगा मॅन’मध्ये नायकाच्या चेहऱ्याला वेगळे रंग हवे होते, म्हणून त्याच्या अंगावर चेहऱ्याचा एक निराळा तुकडा चिकटवलेला असे. ही काटकसर आहे, आणि काटकसरीतून शैली जन्माला येते, हे आपल्याला आम्ही सांगायला नको.

दुसरी मर्यादा तर अनेक वाचकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठपेक्षा जास्त तुकडे आले की नववा तुकडा ते यंत्र काढतच नसे. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे दर चित्राला तुकड्यांचा क्रम फिरवत, म्हणजे एकच आकृती कायमची गडप होण्याऐवजी सगळ्याच आळीपाळीने लुकलुकत. दोघे गडी, चार शत्रू आणि गोळ्यांचा पाऊस एका रेषेत आला की सगळे चमकू लागायचे, आणि आम्हाला वाटायचे कॅसेट खराब झाली. मग ती काढून फुंकर मारून पुन्हा लावायची. कॅसेट बिचारी निर्दोष होती.

आजच्या कलाकारावर यातले कोणतेही बंधन नाही. त्यामुळे त्याची कसोटी अशी की कोणते बंधन पाळायचे आणि कोणते सोडायचे, हे त्याने विचारपूर्वक ठरवले आहे का. अमेरिकेतील यॉट क्लब गेम्सने २०१४ मध्ये ‘शॉव्हेल नाइट’ काढला. तो गोळीबाराचा गेम नाही, पण या बाबतीत वस्तुपाठ आहे. कारण आपण कुठे कुठे नियम मोडले हे त्यांनी स्वतःच उघडपणे मांडले. पडदा रुंद केला, थोडे जास्तीचे रंग घेतले आणि लुकलुकणे पूर्ण काढून टाकले. जुन्या दोषाची नक्कल करायची नाही, जुन्या शिस्तीची करायची, हा त्यामागचा विवेक होता. याउलट पुष्कळ स्वस्त गेममध्ये नायक मोठ्या ठिपक्यांचा, गोळी बारीक ठिपक्यांची आणि वरची अक्षरे गुळगुळीत असतात, आणि कुणी फिरला की त्याचे चौकोनसुद्धा तिरके होतात. एकाच चित्रात तीन जाडीची कुंचल्याची टोके वापरल्यासारखे ते दिसते, आणि आपण एका नजरेत ते पकडाल.

आणखी एक गोष्ट. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर ठिपक्यांच्या कडा एकमेकांत विरघळत, आणि त्या वेळचे कलाकार ते गृहीत धरूनच रंग ठेवत असत. आजच्या सपाट पडद्यावर दिसणारे धारदार चौकोन आपण लहानपणी खरे तर कधी पाहिलेलेच नाहीत. म्हणूनच या प्रकारच्या अनेक नव्या गेममध्ये जुन्या टीव्हीच्या आडव्या रेषा उमटवण्याची सोय दिलेली असते. चालू करून पाहावी. चित्र थोडे मऊ होते.

जुनेपणा म्हणजे ठिपकेच, असेही नाही. कॅनडातील चॅड आणि जॅरेड मोल्डनहाउअर या भावांच्या स्टुडिओ एमडीएचआरने सप्टेंबर २०१७ मध्ये ‘कपहेड’ आणला. तो मागे गेला तो थेट १९३० च्या दशकातील व्यंगपटांपर्यंत. प्रत्येक हालचाल कागदावर पेन्सिलने काढलेली, शाईने गिरवलेली, आणि पार्श्वभूमी जलरंगात रंगवलेली. चित्रे सेकंदाला २४ बदलतात, पण आपल्या बटणाची दखल सेकंदाला ६० वेळा घेतली जाते. त्यामुळे डोळ्यांना तो जुना सिनेमा वाटतो आणि हाताला ताजा गेम. आपल्याला एकच गेम पाहायचा असेल, तर हा पाहावा. खेळता आला नाही तरी चालेल.

लहानपणी मी ‘कॉन्ट्रा’ एकही जीव न गमावता संपवत असे. आता वय ४५. ‘ब्लेझिंग क्रोम’च्या पहिल्याच मोहिमेत माझी त्रेधातिरपीट उडते. हे वयाचे लक्षण समजावे काय?
– एक वाचक, नागपूर

वयाला थोडा दोष द्यावा, पण सगळा देऊ नये. यात आणखी तीन आरोपी आहेत.

पहिला आरोपी म्हणजे आपली आठवण, आणि इथे एक मजेदार तांत्रिक शक्यता आहे. मूळ जपानी आणि अमेरिकी यंत्रे सेकंदाला ६० चित्रे दाखवत. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचे. त्या काळच्या गेममध्ये पळण्याचा वेग, गोळीची चाल, संगीताची लय हे सर्व चित्रांच्या संख्येवर मोजलेले असे. तेव्हा आपल्या घरचा डबा पाल पद्धतीने चालणारा असेल, तर आपण ज्या ‘कॉन्ट्रा’त निष्णात होता तो मुळापेक्षा सुमारे एक षष्ठांश संथ होता. आजचे गेम ६० च्या हिशेबाने पळतात. आपण म्हातारे झालात त्यापेक्षा जग थोडे अधिक वेगाने धावू लागले आहे, आणि या बाबतीत हे वाक्य शब्दशः खरे असू शकते.

दुसरा आरोपी आपला टीव्ही. काचेच्या नळीचा टीव्ही आलेला संकेत जवळजवळ तत्क्षणी पडद्यावर उमटवत असे. आजचे टीव्ही चित्र आधी उजळवतात, गुळगुळीत करतात आणि मग दाखवतात. त्या सौंदर्योपचारात काही चित्रांचा वेळ जातो. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद. अशी चार-पाच चित्रे उशिरा दिसली, की आपण वेळेवर मारलेली उडी खड्ड्यात पडते आणि दोष मात्र बोटांना लागतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करावा. कंट्रोलर शक्यतो वायरने जोडावा. एवढे केल्यावर फरक पडला नाही, तर मग वयाचा विचार करू.

तिसरा आरोपी म्हणजे या प्रकाराची घडणच. या गेमचे पूर्वज नाणी खाणाऱ्या यंत्रांवर वाढले. खेळणारा लवकर मेला तर पुढचे नाणे पडणार, हा त्यांचा व्यवहार. घरी आल्यावर नाणे गेले, पण कठीणपणा राहिला, कारण अर्ध्या तासात संपणारी गोष्ट महिनोन्महिने पुरवायची तर ती अवघडच ठेवावी लागे. जीव संपले की पहिले पाढे पंचावन्न. अशा गेममध्ये चपळाईपेक्षा पाठांतर महत्त्वाचे असते: कोणत्या झाडामागून कोण येणार, बॉस कोणत्या हालचालीनंतर थांबणार, हे तबल्याच्या कायद्यासारखे हातात बसवायचे असते. लहानपणी आपल्याकडे तो गेम एकच होता आणि सुट्ट्या होत्या.

नव्या पिढीच्या रचनाकारांनी यात काही दयाळू फेरफार केले आहेत, ते डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून सांगतो. कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यानंतरही काही क्षण उडीचे बटण चालते. इंग्रजी व्यंगपटांतील कोल्हा हवेत धावत राहतो, त्यावरून या युक्तीला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. जमिनीला पाय लागण्याच्या किंचित आधी बटण दाबले, तरी ते लक्षात ठेवून पाय टेकताच उडी मिळते. आणि गोळी लागण्याची जागा नायकाच्या चित्रापेक्षा बरीच लहान ठेवलेली असते, म्हणून गोळी केसांना चाटून गेली तरी जीव वाचतो. या तिन्ही सवलती जिथे आहेत तो गेम अवघड असला तरी अन्यायी वाटत नाही. ‘ब्लेझिंग क्रोम’मध्ये सोपी पातळी आहे, ती घेण्यात कमीपणा मानू नये.

मी हार्मोनियम शिकवते. माझा विद्यार्थी अशा गेमची धून पेटीवर वाजवून दाखवतो. तीन-चार स्वरांची ही पिपाणी मनात इतकी घर का करते?
– एक वाचक, सांगली

ती पिपाणी खरोखरच तीन-चार आवाजांची आहे. फॅमिकॉमच्या यंत्रात पाच वाटा होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक नुसत्या खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांची. पहिल्या दोन वाटांवर मुख्य धून आणि तिची सोबत, त्रिकोणीवर खर्ज, खरखरीवर ताल, असा संसार. त्यातच नायकाने गोळी झाडली की तो आवाज काढण्यासाठी यापैकी एखादी वाट क्षणभर उसनी घेतली जाई, आणि धूनेतला एक सूर गिळला जाई. म्हणून संगीतकाराला धून इतकी ठसठशीत ठेवावी लागे की मधला सूर हरवला तरी कानाने तो भरून काढावा. अनेक स्वर एकत्र वाजवण्याची सोय नसल्यामुळे एकाच वाटेवर तीन स्वर अतिशय जलद फिरवून संवादी स्वरसमूहाचा भास निर्माण करत. ती थरथर म्हणजेच या संगीताची खूण.

‘शॉव्हेल नाइट’चे संगीतकार जेक कॉफमन यांनी जपानी कॅसेटींत बसवल्या जाणाऱ्या व्हीआरसी-६ या जास्तीच्या चिपचे आवाज धरून रचना केल्या, त्या चिपमुळे आणखी तीन वाटा मिळतात. ‘ब्लेझिंग क्रोम’ मात्र मेगा ड्राइव्हच्या काळाची धातूसारखी खणखणीत छटा घेतो. आपल्या विद्यार्थ्याला सांगावे की एका हाताने धून आणि दुसऱ्याने केवळ खर्ज वाजवून पाहा, भात्यावर भर नको. मूळ रचनेचा सांगाडा लगेच दिसेल.

मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ८ वर्षांची. दोघांना एकत्र खेळता येईल असा, फार रक्तपात नसलेला गेम सुचवावा. आत पुन्हा पैसे मागणारा नको.
– एक वाचक, पणजी

‘हंटडाउन’ आणि ‘ब्रोफोर्स’ बाजूला ठेवावेत. दोन्हींत रक्त आहे आणि पहिल्यातील भाषाही मुलांसमोर नको अशी आहे. ‘कपहेड’ मुलाच्या वयाला चालेल. त्यातील एका सुरुवातीच्या लढाईत शत्रू म्हणून बटाटा, कांदा आणि गाजर उगवतात, आणि कांदा रडू लागला की त्याच्या अश्रूंपासून आपण पळायचे असते; मुलांना हे फार आवडते. कथेत जुगाराचा अड्डा आणि सैतान आहे, एवढे आधी माहीत असू द्यावे. दोघांपैकी एक मेला की त्याचा आत्मा वर तरंगत जातो आणि दुसऱ्याने वेळेवर उडी मारून त्याला टपली दिली तर तो परत येतो, ही सोय भावंडांसाठी मोलाची आहे. मात्र गेम अवघड आहे. सोपी पातळी घ्यावी. त्या पातळीवर शेवटपर्यंत पोहोचता येत नाही, पण आठ वर्षांच्या मुलीला त्याची खंत वाटण्याचे कारण नाही.

या लेखातील ज्या गेमची आम्ही शिफारस करतो, ते एकदा विकत घेतले की संपले. जीव विकत घ्या, नाणी घ्या असा तगादा त्यांत नसतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. तेव्हा पहिल्या संध्याकाळी घड्याळ लावून दोघांना बसवावे आणि निर्णय घ्यावा.

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असा गेम एकट्याने करता येईल का? कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, नाशिक

करता येईल, आणि किती वेळ लागेल याचा अंदाज घेण्यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. जपानच्या दाइसुके आमाया यांनी ‘केव्ह स्टोरी’ आधी शिक्षण आणि मग नोकरी सांभाळून फावल्या वेळात सुमारे पाच वर्षे लिहिला. चित्रे त्यांची, गोष्ट त्यांची, संगीत त्यांचे, इतकेच नव्हे तर संगीत लिहिण्याचे साधनही त्यांनी स्वतःच बनवले, आणि डिसेंबर २००४ मध्ये तो गेम लोकांना फुकट दिला. अमेरिकेतील टॉम हॅप यांनी ‘ॲक्सिअम व्हर्ज’ एकट्याने केला. तो २०१५ मध्ये आला आणि त्यालाही सुमारे पाचच वर्षे लागली. म्हणजे आज सुरुवात केली तर पदवी आधी हातात येईल. अभ्यास सोडू नये. ‘कपहेड’च्या भावांनी घरे पुन्हा गहाण टाकली होती हे खरे, पण ती वाट दुसऱ्यांना सुचवण्यासारखी नव्हे.

‘केव्ह स्टोरी’ खेळून पाहाच, कारण त्यात एक कल्पना अशी आहे की ती एकटीच एका धड्याएवढी आहे. शत्रू मेला की पिवळे त्रिकोणी स्फटिक सांडतात. ते वेचले की बंदूक वरच्या पातळीला जाते, आणि आपल्याला फटका बसला की बंदूक पुन्हा खाली घसरते. त्यामुळे लांब उभे राहून सुरक्षित गोळीबार करणाऱ्याला स्फटिक मिळत नाहीत आणि पुढे धावणाऱ्याची बंदूक घसरण्याचा धोका वाढतो. धाडस आणि सावधपणा यांचा हा झगडा कुठलीही सूचना न लिहिता दर मिनिटाला चालू राहतो.

साधनांचा प्रश्न आता फारसा राहिलेला नाही. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि त्याचा स्रोत खुला आहे. त्याहून लहान सुरुवात हवी असेल तर पिको-८ हे छोटे गेम बनवण्याचे साधन घ्यावे. पडदा १२८ गुणिले १२८ ठिपके, रंग १६, आणि त्यापलीकडे हट्ट करायला जागाच नाही, म्हणून काम पूर्ण होते. गोडोत काम करणार असाल तर पडदा ३२० गुणिले १८० ठिपक्यांचा धरावा. त्याची चौपट १२८० गुणिले ७२० होते, सहापट १९२० गुणिले १०८० आणि बारापट ३८४० गुणिले २१६०. म्हणजे आजच्या नेहमीच्या पडद्यांवर प्रत्येक ठिपका पूर्ण चौकोन राहतो. जुनी २४० ची उंची धरलीत तर १०८० च्या पडद्यावर साडेचार पट करावी लागते, आणि अर्ध्या ठिपक्याचे काय करायचे हा प्रश्न कायमचा मागे लागतो.

पहिल्या महिन्यात एकही चित्र काढू नये. नायक म्हणजे पांढरा चौकोन, शत्रू म्हणजे लाल चौकोन. त्या पांढऱ्या चौकोनाची उडी हाताला गोड लागेपर्यंत दुसरे काही करू नये, कारण या प्रकारात खेळणारा उडी आणि गोळी याच दोन गोष्टी हजारो वेळा करणार असतो. वर नागपूरच्या वाचकांना सांगितलेल्या सवलती याच टप्प्यावर घालाव्यात. त्यानंतर शत्रूची गोळी पडद्यावरील सर्वांत उठून दिसणारी वस्तू ठेवावी. नवशिके पार्श्वभूमीवर इतका जीव ओततात की मारणारी गोळी दिसतच नाही. नवा शत्रू पहिल्यांदा भेटेल तेव्हा खड्डा नसलेल्या सपाट जागी भेटू द्यावा. एक खोली, एक बंदूक, दोन शत्रू आणि एक बॉस एवढे पूर्ण झाले की मित्राच्या हातात द्यावे आणि आपण गप्प बसावे. समजावून सांगण्याचा मोह जिथे जिथे होईल, तिथे तिथे रचना चुकली आहे असे वहीत लिहून घ्यावे.

विकण्याविषयी थोडक्यात: स्टीमवर एक गेम ठेवण्याचे शुल्क १०० डॉलर आहे आणि विक्री १,००० डॉलरच्या पुढे गेली की ते परत मिळते. इच डॉट आयओ या संकेतस्थळावर शुल्क नाही. पहिला गेम तिथेच ठेवावा.

मी गेली पंधरा वर्षे न्यू जर्सीत आहे. माझ्या मुलांनी असे गेम मराठी अक्षरांतून खेळावेत असे वाटते. ते कुठेच का दिसत नाहीत?
– एक वाचक, अमेरिका

बाजाराचे कारण उघड आहे, पण या विशिष्ट शैलीत एक अक्षरांचे कारणही आहे. इंग्रजी अक्षर ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकोनात आरामात बसते. देवनागरीत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षर; ‘र्क्यू’ हे आठ ठिपक्यांच्या उंचीत लिहून पाहावे. सोळा ठिपके घेतले तर बरे जमते, पण मग पडद्यावर निम्म्याच ओळी मावतात. जपान्यांनाही हा त्रास झाला होता. त्यांच्या ‘काना’ नावाच्या लिपीतील अक्षरांवर उच्चार बदलणाऱ्या दोन छोट्या रेघा असतात, आणि फॅमिकॉमच्या अनेक गेममध्ये त्या रेघांसाठी अक्षराच्या वर एक वेगळा चौकोन खर्च केलेला दिसतो. आपल्या मात्रांना तीच युक्ती लागू पडली असती. प्रयत्न करायला कोणी बसले नाही.

आता अडचण पूर्वीइतकी नाही. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरे आणि वेलांट्या आपोआप योग्य जागी बसतात. उरते ते ठिपक्यांचे सुबक देवनागरी वळण घडवणे, आणि ते काम सुलेखन जाणणाऱ्याने करायला हवे. चिपळूणच्या निवृत्त शिक्षकांनी हे उत्तर वाचावे, अशी आमची इच्छा आहे. नाशिकच्या विद्यार्थ्याने तर जरूर वाचावे.

‘कॉन्ट्रा’त तीस जीव मिळवण्याचा तो मंत्र अजून चालतो का?
– एक वाचक, लातूर

मूळ गेममध्ये चालतो. तो मंत्र (म्हणजे ठरावीक क्रमाने बटणे दाबणे) मुळात ‘कॉन्ट्रा’चा नव्हे. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते; तपासणीसाठी तो स्वतःलाच पार करता येईना, म्हणून त्यांनी ही पळवाट ठेवली आणि ती तशीच विक्रीला गेली. आपल्याकडच्या काही ‘अनेक गेम एकात’ कॅसेटींत ‘कॉन्ट्रा’ला आधीच तीस जीव दिलेले असत, त्यामुळे पुष्कळांना तो मंत्र कधी लागलाच नाही.

रीतसर विकत घ्यायचा असेल तर कोनामीच्या २०१९ सालच्या ‘कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ या संग्रहात घरच्या यंत्रावरील तो गेम आहे. नाव पडद्यावर आले की वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए आणि मग स्टार्ट. दोघे खेळणार असाल, तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट दाबायला विसरू नये. आणि तिसऱ्या टप्प्यावरील धबधब्यात वर चढताना जोडीदाराला मागे ठेवू नये, कारण पडद्याच्या खाली राहिलेला गडी मरतो.